सांधेरोपणानंतर गुडघ्याची जखम वाहत राहते: गोळ्या, धुणं की सांधा काढणं?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ६८, मधुमेह जुना. सात महिन्यांपूर्वी दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले. डावा छान आहे. उजव्याची जखम टाके काढल्यावरही काही दिवस ओली राहिली, मग सुकली, आणि तिसऱ्या महिन्यापासून व्रणाच्या खालच्या टोकाला एक बारीक छिद्र पडलंय. त्यातून अधूनमधून पिवळसर पाणी येतं. ताप नाही. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असताना छिद्र बंद होतं, थांबवल्या की पंधरा दिवसांत पुन्हा उघडतं. एक डॉक्टर म्हणतात गोळ्या चालू ठेवा, दुसरे म्हणतात उघडून धुऊन घेऊ, तिसरे म्हणतात बसवलेला सांधा काढावा लागेल. तुमचा प्रश्न, यातलं कोणाचं ऐकायचं?

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि आता माझ्या कामाचा मोठा भाग बिघडलेले कृत्रिम सांधे दुरुस्त करण्याचा आहे. आईंना मी तपासलेलं नाही, एक्स-रे पाहिलेले नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांना हात लावून बघणाऱ्या डॉक्टरांचा. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ते तिन्ही सल्ले वैद्यकशास्त्रात बसणारे आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या अवस्थांतल्या रुग्णांसाठी आहेत. धुणं हे जंतुसंसर्ग ताजा असतानाचं काम. कायमच्या गोळ्या हा ज्यांना मोठं ऑपरेशन सोसणारच नाही त्यांचा मार्ग. सांधा काढणं हे संसर्ग जुना झाल्यावरचं. म्हणून खरा प्रश्न असा: आईंचा संसर्ग कोणत्या अवस्थेत आहे, आणि जंतू कोणता आहे? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत चौथा कोर्स सुरू करू नका, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं.

गोळ्यांनी बरं वाटतं आणि पुन्हा उलटतं, याचं कारण समजून घेतलंत तर पुढचे निर्णय सोपे जातील. जंतू धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागावर पोचले की काही दिवसांतच ते स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आतून जसा बुळबुळीत थर धरतो, पाणी कितीही वेळा बदललं तरी तो जात नाही, तसंच हे. धातूला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे शरीराच्या पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत, आणि थराच्या आतले जंतू इतके सुस्त असतात की वाढणाऱ्या जंतूंवर काम करणाऱ्या औषधांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. मोकळे फिरणारे जंतू ज्या मात्रेत मरतात त्याच्या शेकडो, कधी हजार पट मात्रा या थरातल्या जंतूंना लागू शकते. ती गोळीने किंवा सलाईनने रक्तात आणणं शक्यच नाही. गोळीने थराबाहेर पडलेले जंतू मरतात, पाणी थांबतं, घरच्यांना वाटतं बरं झालं. थर मात्र जागच्या जागी असतो.

आता त्या छिद्राबद्दल. आपल्याकडे त्याला नासूर म्हणतात. तो जर खरोखर सांध्यापर्यंत जात असेल तर निदान तिथेच झालं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये कृत्रिम सांध्याच्या संसर्गाचे निकष ठरवले, २०१८ मध्ये ते सुधारले गेले, पण दोन्हींत ही गोष्ट कायम राहिली: सांध्याशी जोडलेला नासूर, किंवा दोन वेगळ्या नमुन्यांत तोच जंतू, यातलं एक जरी असलं तरी संसर्ग नक्की. मग सीआरपी (शरीरातली सूज-दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल आलं, ताप नाही, म्हणून कोणी 'फक्त वरवरचं आहे' म्हणालं तर ते मानू नका. हळू चालणाऱ्या संसर्गात सीआरपी आणि तशीच दुसरी तपासणी, ईएसआर, दोन्ही नॉर्मल असू शकतात. त्यातून नासूर असला की पू आत कोंडून राहत नाही, बाहेर पडतो, म्हणून ताप येत नाही.

बहुतेक ठिकाणी अशा वेळी छिद्रावर कापसाची काडी फिरवून स्वॅब पाठवतात. तुमच्याही फाइलमध्ये असा रिपोर्ट असेल. त्यावर उपचार ठरवू नका. त्या काडीला त्वचेवरचे जंतू लागतात, आतला खरा गुन्हेगार वेगळा असू शकतो. भरवशाची तपासणी म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासणं. ते कसं होतं तेही सांगतो, कारण नातेवाईक त्याला उगाच घाबरतात. ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा तशाच स्वच्छ खोलीत गुडघा औषधाने पुसून, निर्जंतुक कापडं टाकून, नासूर आणि लाल झालेली त्वचा टाळून, बहुधा वाटीच्या वरच्या बाहेरच्या बाजूने सुई घालतात. पाच-दहा मिनिटांचं काम. निरोगी सांध्यातलं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं असतं. गढूळ आलं की सुई हातात असतानाच अंदाज येतो. त्यातलं थोडं जांभळ्या झाकणाच्या नळीत पेशी मोजायला आणि थोडं ब्लड कल्चरच्या बाटलीत जंतू वाढवायला जातं. जुन्या संसर्गात पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० च्या वर आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असल्या की संसर्ग धरून चालतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा आकडा १०,००० च्या वर लागतो, कारण तेव्हा सांधा तसाही तापलेला असतो.

या तपासणीआधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवं. नाहीतर जंतू अर्धमेले असतात, प्रयोगशाळेत वाढत नाहीत, आणि रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ'. चौथा कोर्स नको म्हणालो ते याचसाठी. लॅबला आणखी एक सांगून ठेवायला लावा: कल्चर १४ दिवस ठेवा. नेहमीच्या पद्धतीने ते पाच दिवसांत बंद करतात, आणि सावकाश वाढणारे जंतू सुटून जातात. आपल्या देशात क्षयाची तपासणीही सोबत पाठवलीच पाहिजे. कृत्रिम सांध्यात टीबी क्वचित होतो, पण मुद्दाम शोधल्याशिवाय तो सापडत नाही.

अर्थात याला अपवाद आहे. आईंना थंडी वाजून ताप आला, ग्लानी आली, बोलणं असंबद्ध झालं, रक्तदाब उतरला किंवा लघवी कमी झाली, तर दोन आठवडे वगैरे बघत बसू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. तिथे रक्ताचं कल्चर घेऊन लगेच शिरेतून औषध सुरू करतील, आणि ते बरोबरच असेल.

आता तिन्ही सल्ल्यांकडे येतो.

उघडून धुण्याच्या ऑपरेशनमध्ये सांधा उघडतात, खराब झालेलं मांस आणि आवरण कापून काढतात, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलतात आणि धातूचे भाग जागेवर ठेवतात. साधारणपणे मूळ ऑपरेशननंतर चार आठवड्यांच्या आत, किंवा नंतर कधीतरी अचानक संसर्ग झाला तर लक्षणं सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, सांधा घट्ट बसलेला असेल आणि त्वचा शाबूत असेल, तरच याचा भरवसा धरता येतो. त्या मुदतीत केलं तर बऱ्याच जणांचा सांधा वाचतो. आईंना नासूर पडून चार महिने झालेत. या अवस्थेत धुतल्याने थर जाणार नाही, वर एका ऑपरेशनचा ताण आणि एक नवी जखम पदरात पडेल. कोणी दुर्बिणीतून धुऊ म्हणत असेल तर तेही नको. दुर्बिणीतून प्लास्टिक बदलता येत नाही आणि सांध्याच्या मागच्या कोपऱ्यांत हात पोचत नाही.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी कदाचित आत्ता गेल्याच आठवड्यात ऑपरेशन झालं असेल. सात दिवसांनंतरही जखमेतून पाणी येत असेल तर ती वाट बघण्याची गोष्ट नाही. फॅमिली डॉक्टरांकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणून, रोज ड्रेसिंग बदलत महिना काढला की धुण्याची मुदत हातातून जाते. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या संसर्गाच्या रुग्णांत ही हकीकत पुन्हा पुन्हा ऐकतो: जखम ओली होती, प्रत्येकाने आपापल्या परीने गोळी दिली, कोणीच पाणी काढून बघितलं नाही. फॅमिली डॉक्टरांचा हेतू चांगलाच असतो. पण कृत्रिम सांध्याची ओली जखम ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवायची, आणि लगेच.

कायमच्या गोळ्या म्हणजे संसर्ग बरा न करता दाबून ठेवणं. वय फार, हृदय किंवा मूत्रपिंड खूप कमकुवत, भूल देणंच धोक्याचं, सांधा हललेला नाही, आणि जंतू एखाद्या साध्या गोळीला दाद देणारा, अशा रुग्णाला मी स्वतः हा मार्ग सुचवतो. नासूर वाहत राहतो, रोज एक पट्टी लावायची, आणि माणूस घरात हिंडतो-फिरतो. त्यात कमीपणा काही नाही. पण तुम्ही लिहिता की आई ऑपरेशनआधी शेतावर जात होत्या आणि हृदय ठीक आहे. त्यांच्यासाठी हा पहिला पर्याय होऊ नये.

राहिला सांधा काढण्याचा. माझ्या मते आईंच्या बाबतीत बोलणं इथूनच सुरू व्हावं. याच्या दोन पद्धती आहेत. हॅम्बुर्गचे सर्जन बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमारास हाडाच्या सिमेंटमध्ये, म्हणजे सांधा हाडाला चिकटवायच्या लुकणात, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळायला सुरुवात केली, आणि तिथल्या सर्जनांनी एकाच ऑपरेशनमध्ये जुना सांधा काढून, सगळं साफ करून, लगेच नवा बसवण्याची पद्धत रुजवली. न्यूयॉर्कचे सर्जन इन्सॉल यांनी १९८३ मध्ये गुडघ्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत मांडली: आधी सांधा काढायचा, सहा आठवडे शिरेतून औषध द्यायचं, मग नवा बसवायचा. आपल्याकडे बहुतेक सर्जन दोन टप्प्यांचंच करतात, मीही जास्त करून तेच करतो. जंतू आधीच नक्की कळलेला असेल, औषधाला दाद देणारा असेल, त्वचा आणि हाड चांगलं असेल, तर एका टप्प्याचाही विचार मी करतो. ब्रिटनमध्ये खुब्याच्या सांध्यावर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दीड वर्षाने दोन्ही पद्धतींच्या रुग्णांना सारखाच आराम होता, आणि एका टप्प्याचा खर्च कमी होता. पण ते खुब्यांचं झालं. नासूर असलेल्या, मधुमेही रुग्णाच्या गुडघ्याला ते जसंच्या तसं लावायला मी कचरतो.

पहिल्या टप्प्यात नेमकं काय होतं? सांधा उघडल्यावर आधी पाच-सहा ठिकाणचे तुकडे घेतात, प्रत्येक वेळी नवीन चिमटा आणि नवीन पातं वापरून, म्हणजे एकाचा जंतू दुसऱ्याला लागत नाही. मग धातू, प्लास्टिक आणि जुन्या सिमेंटचा कण न् कण काढायचा. याला वेळ लागतो. सिमेंट हाडाच्या पोकळीत खोल बसलेलं असतं आणि मागे राहिलेला तुकडा म्हणजे मागे राहिलेला थर. नासूराचा मार्गही कातडीसकट कापून काढतात. नऊ-दहा लिटर पाण्याने धुतात. त्यानंतर सगळ्यांनी गाऊन आणि हातमोजे बदलायचे, नवी कापडं, नवी हत्यारं, आणि मग स्पेसर. स्पेसर म्हणजे सिमेंटचा तात्पुरता सांधा. ४० ग्रॅमच्या सिमेंटच्या पुडीत साधारण २ ते ४ ग्रॅम व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकची पूड कोरडीच नीट मिसळायची, मग द्रव ओतायचा, आणि घट्ट होऊ लागलं की साच्यात किंवा हाताने आकार द्यायचा. ते सिमेंट पुढचे काही आठवडे गुडघ्यातच औषध सोडत राहतं. रक्तातून कधीच पोचणार नाही इतकी मात्रा तिथल्या तिथे मिळते, आणि मूत्रपिंडावर भार कमी येतो. हलणारा स्पेसर असेल तर गुडघा थोडा वाकतो आणि वॉकर घेऊन, पायावर थोडाच भार देत घरात चालता येतं. हाड फार झिजलेलं असेल तर न हलणारा बसवतात, मग पाय सरळच ठेवावा लागतो.

दोन ऑपरेशनमधलं अंतर सहा ते बारा आठवडे, कधी जास्त. संसर्ग पूर्ण गेला हे छातीठोकपणे सांगणारी एकही तपासणी नाही. जखम कोरडी आहे का, सीआरपी खाली येतंय का, औषध थांबवल्यावर पुन्हा चढतंय का, हे सगळं एकत्र बघून सर्जन ठरवतो. दोन टप्पे पूर्ण झालेल्यांपैकी दहातले आठ-नऊ जण संसर्गातून सुटतात. पण 'पूर्ण झालेल्यांपैकी' हे शब्द विसरू नका. काही रुग्ण पहिल्या टप्प्यानंतर इतके थकतात की दुसऱ्याला उभेच राहत नाहीत, स्पेसरवरच राहतात. म्हणून पहिल्या ऑपरेशनला संमती देतानाच दुसऱ्याची तयारी, पैशांची आणि मनाची, दोन्ही करायची. हे सगळं फसलं तर गुडघा सरळ अवस्थेत जोडून टाकणं, आणि अगदी शेवटी पाय काढणं, हेही पर्याय असतात. तुम्ही घाबरून विचारलंय म्हणून सांगतो, आईंच्या बाबतीत आज ती चर्चा करण्याचं कारण मला दिसत नाही.

औषधांबद्दल एक गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. काहींना वाटतं गोळ्या म्हणजे दुय्यम, इंजेक्शनच खरं. ब्रिटनमध्ये १,०५४ रुग्णांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हाडं-सांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे योग्य गोळी दिलेले आणि इंजेक्शन दिलेले, दोन्ही गटांत अपयशाचं प्रमाण जवळपास सारखं निघालं: १३.२ आणि १४.६ टक्के. त्यातल्या बहुतेकांची आवश्यक ती शस्त्रक्रिया झालेली होती, हे मात्र लक्षात घ्या. म्हणजे गोळी वाईट नाही. आधी साफसफाई, जंतूची ओळख, आणि मग त्या जंतूची गोळी, हा क्रम पाळायचा. मुदतीचंही तसंच. फ्रान्समध्ये २०२१ साली सहा आणि बारा आठवड्यांच्या औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांच्या गटात १८.१ टक्के जणांचा संसर्ग टिकून राहिला, बारा आठवड्यांच्या गटात ९.४ टक्के. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले तर ते उगाच नाही.

जंतू स्टॅफिलोकोकस निघाला, आणि तो अशा संसर्गात सगळ्यात जास्त वेळा निघतो, तर धातू जागेवर ठेवलेला असताना किंवा नवा बसवल्यावर रिफॅम्पिसिन हे औषध कामाचं ठरतं, कारण ते त्या थरात शिरतं. पण ते एकटं कधीच द्यायचं नसतं, जखम कोरडी होण्याआधी सुरू करायचं नसतं, आणि आपल्या देशात टीबी नाही याची खात्री केल्याशिवाय तर नाहीच. अर्धवट दिलेलं रिफॅम्पिसिन टीबीच्या जंतूला निर्ढावतं. त्याने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर मात्र त्याने कमी होतो, म्हणून सुरुवातीला साखर वरचेवर तपासा. लिनेझोलिड दिलं तर दर आठवड्याला रक्ताची तपासणी हवी. दोन आठवड्यांनंतर प्लेटलेट्स उतरू शकतात, आणि लांबलं तर पायांना मुंग्या येतात. व्हँकोमायसिनवर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघत राहायचं.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधीचे दोन आठवडे, जे अँटिबायोटिकशिवाय काढायचेच आहेत, ते वाया घालवू नका. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, तपासा. आठच्या वर असेल तर फिजिशियनला सांगून साखर आटोक्यात आणा, गरज पडली तर इन्शुलिनवर. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ३.५ च्या खाली असेल तर जखम भरत नाही. महिनोन्महिने पू वाहणाऱ्या माणसाचं ते हमखास खाली असतं. डाळी, दूध, अंडी, जे चालत असेल ते वाढवा. आणि एक प्रश्न आईंना शेजारी कोणी नसताना विचारा: मिश्री लावता का? दवाखान्याच्या फॉर्मवर 'तंबाखू' समोर बायका सरळ 'नाही' लिहितात, कारण मिश्री म्हणजे तंबाखू हे त्यांच्या मनातच नसतं. निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि गुडघ्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तसाही बेताचा. सोडवा. पायाची बोटं उघडून बघा. चिखल्या, टाचांच्या भेगा, आत रुतलेलं नख, या सगळ्या जंतूंच्या वाटा आहेत. हलणारा, पू धरलेला दात असेल तर तो आधी काढून घ्या. नासूरावर हळदीचा लेप, तेल, शेक काही नको. कोरडी स्वच्छ पट्टी पुरे.

पैशांबद्दल नेमका आकडा मी देऊ शकत नाही, तो गाव, रुग्णालय आणि जंतू यांवर ठरतो. एवढं मात्र सांगतो, की इथे धातूच्या किमतीवर लक्ष ठेवून हिशोब करू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्यामुळे पहिल्या ऑपरेशनचा खर्च लोकांच्या डोक्यात बसलेला आहे. संसर्गात खर्च जातो तो दोन वेळच्या थिएटरवर, लांबलेल्या मुक्कामावर, इंजेक्शनांवर आणि दर आठवड्याच्या तपासण्यांवर, शिवाय दुसऱ्या वेळी लांब दांड्याचा, महागडा सांधा लागतो. दोन्ही टप्प्यांचं लेखी अंदाजपत्रक एकदमच मागा. विमा असेल तर दोन ऑपरेशनं पॉलिसीच्या एकाच वर्षात येतात का आणि मर्यादा पुरते का, ते आधी बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर कोणता टप्पा कोणत्या पॅकेजमध्ये बसतो, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्या.

आणि घर. या तीन-चार महिन्यांत आईंना संडासला नेणं, जेवण, औषधांच्या वेळा हे सगळं कोणीतरी करणार आहे, आणि बहुतेक घरांत ते काम न विचारताच एका सुनेवर किंवा मुलीवर पडतं. आधीच वाटून घ्या. कमोडची खुर्ची, न्हाणीघरात पकडायला दांडा, पलंगाची उंची, हे ऑपरेशनआधी करून ठेवा. स्पेसर असताना पडलं तर हाड मोडतं. आई गप्प राहू लागल्या, जेवण टाकलं, 'मला कशाला परत कापता' म्हणू लागल्या, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते आजारपणाचाच भाग असतं आणि त्यावर उपाय आहेत. हा आजार किती जड आहे याची कल्पना असावी म्हणून एकच आकडा: फिलाडेल्फियातल्या २०१३ च्या अभ्यासात, संसर्गामुळे सांधा पुन्हा उघडावा लागलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण पाच वर्षांत दगावले होते. संसर्ग नसताना दुसऱ्या कारणाने उघडावा लागलेल्यांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होतं. वय आणि इतर आजारांचाही त्यात वाटा आहे. पण 'नुसतं पाणीच तर येतंय' म्हणून वर्ष काढू नये, हे त्यावरून कळतं.

चूक कोणाची, हेही तुम्ही विचारलंय. उत्तम रुग्णालयांतही गुडघा बदलल्यावर शंभरात एक-दोघांना हा संसर्ग होतो. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्न्ली यांच्या सुरुवातीच्या खुब्याच्या ऑपरेशनांत हे प्रमाण शंभरात सातच्या आसपास होतं. थिएटरची हवा गाळून, सर्जनचा श्वास नळीने बाहेर काढून त्यांनी ते एकाच्याही खाली आणलं. आज चिरा देण्याआधी तासाभरात सेफाझोलिनसारखं अँटिबायोटिक देणं ही सगळीकडची रीत आहे. एवढं करूनही शून्य झालेलं नाही. त्यामुळे संसर्ग झाला म्हणजे हलगर्जी झालीच, असं मी म्हणणार नाही. नंतर जखम वाहत असताना वेळेवर पाणी काढून तपासलं का, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो पहिल्या सर्जनला समोर बसून विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भांडून फाइल अडकवून घेऊ नका. ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटचे स्टिकर तुम्हाला लागणारच आहेत. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा आत आहे हे नव्या सर्जनला कळलं की काढायची हत्यारं आधी मागवता येतात. सोबत पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे न्या, एकच नको. धातू आणि हाडाच्या मधली काळी रेघ वाढतेय का, हे ओळीने लावल्यावरच दिसतं. सर्जन निवडताना सरळ विचारा: असे संसर्गाचे सांधे तुम्ही नियमित करता का, आणि तुमच्यासोबत सूक्ष्मजीवतज्ज्ञ किंवा संसर्गरोगतज्ज्ञ आहेत का?

डाव्या गुडघ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तो लक्षात ठेवा. उजव्या बाजूचे जंतू रक्तातून डाव्या सांध्यात जाऊ शकतात. डावा अचानक सुजला, गरम लागला, वाकवताना दुखू लागला तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन करा. तिथे लक्षणं नवीन असल्याने धुऊन सांधा वाचवण्याची वेळ अजून हातात असते. आणि कोणी फोनवर 'तोवर ही गोळी चालू करा' म्हणालं, तर आई फार आजारी दिसत नसतील तोवर आधी त्या गुडघ्यातलं पाणी काढून घ्यायला सांगा.